अ‍ॅम्प्लिफायर घेताना डोळे मिटून ऐका

माझे मामा इंदूरला असतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतले दोन लाख रुपये त्यांनी वेगळे ठेवले होते आणि त्या दोन लाखांवरून घरात बरेच दिवस धुसफूस चालू होती. मामींना स्वयंपाकघराचा ओटा नवा करून हवा होता. कडप्प्याला तडा गेलेला, सिंकखालची फळी कुजलेली, 'पुढच्या दिवाळीला बघू' म्हणत आठ वर्षे ढकललेले काम. मामांना मात्र व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता.

''अगं, नुसते दिवे लागतात त्यात,'' मामी मला फोनवर म्हणाल्या. ''दिव्यांना दीड लाख रुपये? तू साप्ताहिकात लिहितेस ना, जरा समजव तुझ्या मामांना.''

समजवायला म्हणून मी गेले खरी, पण आधी मलाच बरेच काही समजून घ्यावे लागले. चांगल्या संगीताची हौस असलेल्या घरांत हा वाद आज पुन्हा रंगू लागला आहे. रेकॉर्ड्स परत आल्या, त्यांच्यामागोमाग व्हॉल्व्हही आले. एक पक्ष म्हणतो, व्हॉल्व्हच्या आवाजात जी ऊब आहे ती ट्रान्झिस्टरला जन्मात जमणार नाही. दुसरा म्हणतो, हा सगळा मनाचा खेळ आहे. मधल्या मध्ये घरातला पैसा जातो.

आधी सेट तापू द्या

ज्यांचे बालपण मर्फी, बुश किंवा फिलिप्सच्या लाकडी रेडिओसमोर गेले त्यांना व्हॉल्व्ह काय ते सांगायला नको. बटण फिरवले तरी आवाज लगेच येत नसे. सेट 'तापावा' लागे. आधी काचेमागे पिवळा उजेड, मग काही सेटमधला तो हिरवा डोळा, आणि अर्ध्या मिनिटाने निवेदकाचा आवाज जणू दुसऱ्या खोलीतून चालत यावा तसा येई. पुढे हातात धरायचे छोटे रेडिओ आले. त्यांच्या पोटात व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर होते आणि आपण त्या रेडिओलाच 'ट्रान्झिस्टर' म्हणू लागलो.

दोघांचे काम एकच. रेकॉर्डच्या सुईतून किंवा मोबाईलमधून निघणारा विजेचा संदेश इतका क्षीण असतो की स्पीकरचा कागदी पडदा त्याच्याने हलत नाही. नळाची चावी आपण दोन बोटांनी फिरवतो आणि टाकीतले पाणी जोराने वाहते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो क्षीण संदेश ही बोटे, आणि घरातली वीज ही पाण्याची टाकी.

व्हॉल्व्हमध्ये ही चावी काचेच्या निर्वात नळीत असते. आतली पट्टी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. वाटेतल्या बारीक जाळीवर संदेश दिला की त्याप्रमाणे हा प्रवाह कमी-जास्त होतो. पहिला व्हॉल्व्ह १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी केला. जाळी बसवली अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी, १९०६ मध्ये. ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मधला, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्यासाठी १९५६ चे नोबेल मिळाले. ट्रान्झिस्टरमध्ये तापवायचे काही नसते, काच नसते, आणि तो थोड्या व्होल्टेजवर भरपूर करंट देऊ शकतो. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात व्हॉल्व्ह बनवले. जुन्या मेकॅनिकांच्या खणात 'बेल'चे खोके अजून सापडते.

व्हॉल्व्हला चारपाचशे व्होल्टपर्यंत वीज लागते, पण करंट थोडा. स्पीकरला नेमके उलटे हवे असते. म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. चांगला ट्रान्सफॉर्मर म्हणजे उत्तम लोखंडी पत्रे आणि तांब्याच्या तारेचे थरावर थर दिलेले वेटोळे, वजन काही किलो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत चढते ती मुख्यतः या लोखंडामुळे. दिव्यांचा त्यात वाटा कमीच, हे मी मामींना लगेच सांगून टाकले. त्यांचे काही समाधान झाले नाही.

ट्रान्झिस्टरची बदनामी

ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा, कानाला टोचणारा असतो हे मत हवेतून आलेले नाही. १९६० च्या दशकातले पहिले ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच तसे होते. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा अर्धा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना त्या काळच्या यंत्रांत बारीक अडखळ होई. मोठ्या आवाजात ती झाकली जाई. रात्री हळू आवाजात ख्याल लावला की मात्र तीच खरखर पुढे येई. कागदावरचे आकडे पूर्ण आवाजाला मोजलेले असल्यामुळे सुंदर दिसत, आणि घरी आणल्यावर माणूस कानाला बोट लावी. १९७० च्या दशकात सिलिकॉनचे चांगले ट्रान्झिस्टर आले, जोडणी सुधारली आणि ही अडखळ जवळजवळ नाहीशी झाली. यंत्र सुधारले, नाव मात्र खराब झाले ते झालेच. घरातल्या सुनेचा पहिल्या वर्षी खारट झालेला रस्सा काही लोक पंचवीस वर्षे आठवतात, तसे हे आहे.

'ऊब' म्हणजे नक्की काय?

सगळ्यात रंजक भाग हा आहे आणि तो कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. गाणे कानावर पडलेले असले तरी पुरे.

कोणताही अ‍ॅम्प्लिफायर मूळ आवाजात थोडीफार भेसळ करतोच. समजा, षड्ज २४० कंपनांचा आहे. भेसळ होते ती त्याच्या पटीतल्या स्वरांची. दुप्पट म्हणजे ४८०, हा तार षड्ज. तिप्पट म्हणजे ७२०, हा तार सप्तकातला पंचम. चौपटीला पुन्हा षड्ज, आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच. सातव्या पटीला मात्र गडबड होते. तो स्वर कोमल निषादापेक्षाही उतरलेला, आपल्या कानाला बेसूर.

साध्या, एकेरी जोडणीच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये भेसळ होते ती मुख्यतः दुप्पट स्वराची. सा मध्ये वरचा सा मिसळला तर कोणाला खुपणार? आवाज उलट भरल्यासारखा, गोल वाटतो. पूर्ण आवाजाला ही भेसळ तीन ते पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आजच्या बऱ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे कानाला नसल्यातच जमा. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा आपण वरचे स्वर मुद्दाम जागे करतो. व्हॉल्व्ह नकळत तसेच काहीसे करतो. फरक इतकाच, की तानपुऱ्याची जवारी कलाकाराने स्वतः लावलेली असते आणि ध्वनिमुद्रणात ती आलेलीच असते. तिच्यावर दिवाणखान्यात दुसरी जवारी चढवायची का, हा प्रश्न आहे. मला विचाराल तर, एकटा गळा, तानपुरा आणि बेताचा तबला असेल तर ती गोड लागते. पन्नास-साठ वाद्यांचा ताफा असलेले चित्रपटगीत लावले की या वाढीव स्वरांची आपसात बेरीज-वजाबाकी होऊन आणखी नको ते स्वर तयार होतात आणि गाणे गढूळ होते.

दुसरा फरक, अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपते तेव्हाचा. ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत स्वच्छ चालतो आणि मग लहरीचे टोक सुरीने कापल्यासारखे छाटतो. व्हॉल्व्ह बहुधा हळूहळू दबतो, टोक गोल करतो. तबल्यावर जोरकस 'धा' पडला की क्षणभरासाठी दहापट ताकद लागू शकते. म्हणून दहा-पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह सेट त्याच्या आकड्यापेक्षा दमदार वाटतो. उलट, मोठ्या आकड्यांना भुलू नये. पन्नास वॅटऐवजी शंभर वॅट घेतले तरी आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका.

डोळ्यांवर पडदा टाकला तेव्हा

इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांनी दोन्ही प्रकार बनवले आणि विकले. त्यांचा क्वाड टू हा १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर १९५३ सालचा. ३०३ हा ट्रान्झिस्टरचा, १९६७ मधला, आणि ४०५ हा १९७५ मधला. १९७८ मध्ये जेम्स मॉयर या अभियंत्याने हे तिन्ही घेऊन ऐकणाऱ्यांची परीक्षा घेतली आणि निकाल 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात छापला. आवाजाची पातळी सारखी केलेली, कोणता सेट चालू आहे ते गुप्त. ऐकणाऱ्यांची उत्तरे नाणेफेकीने दिली असती तर जशी आली असती, तशीच आली.

याच्या उलटे टोक १९८५ चे. अमेरिकेत बॉब कार्व्हर या अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाला सांगितले, तुमचा आवडता कोणताही महागडा अ‍ॅम्प्लिफायर द्या, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर सेटला ४८ तासांत तसाच आवाज काढून दाखवतो. मासिकाने त्यांना व्हॉल्व्हचा एक महागडा सेट दिला. कार्व्हर यांनी दोन्हींच्या आवाजातला फरक मोजत मोजत आपल्या सेटमध्ये तेच 'दोष' पेरले. शेवटी मासिकाच्या तयार कानांनाही दोन सेट वेगळे ओळखता येईनात. तेव्हा फरक असतो. पण तो मोजता येतो आणि हवा तर बनवताही येतो.

हे सगळे ऐकून मामा म्हणाले, ''ते साहेबांचे कान झाले. मी चाळीस वर्षं गाणं ऐकतोय.''

मामींच्या हातात नाणे

मामांच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन सेट दोन दिवसांसाठी घरी पाठवले. एक चार ईएल ३४ व्हॉल्व्हचा, दीड लाखाचा. दुसरा साधा काळा ट्रान्झिस्टरचा, अडतीस हजारांचा. सोबत त्यांचा मेकॅनिकही आला आणि त्याने दोन गोष्टी केल्या. घरी असा प्रयोग करणाऱ्यांनी त्या विसरू नयेत.

पहिली, त्याने एकसुरी आवाज लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही सेटचे व्होल्टेज अगदी सारखे केले. कारण जो सेट किंचित मोठा वाजतो तो नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो. दुकानात गिऱ्हाईक फसते ते बहुतेक इथेच. दुसरी, त्याने स्विचच्या डबीत एक जाडजूड रेझिस्टन्स बसवला. स्पीकर काढून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून ज्या वेळी स्पीकरवर दुसरा सेट असेल त्या वेळी याला हे खोटे ओझे द्यायचे.

सेटवर चादर टाकली. मामी चादरीमागे बसल्या. छापा पडला तर व्हॉल्व्ह, काटा पडला तर ट्रान्झिस्टर, आणि नोंद किराणा हिशोबाच्या वहीत. मामा डोळे मिटून आरामखुर्चीत. दहा वेळा नाणे उडवले. मामांनी पाच बरोबर सांगितले, पाच चूक. मी सहा.

मामांचा चेहरा पाहवेना. मेकॅनिक म्हणाला, ''काका, स्पीकर बदलून बघू.'' त्याने दुकानातले दुसरे, मोठे स्पीकर जोडले. आणि आता मजा झाली. मामांना फरक स्पष्ट ऐकू येऊ लागला. ते झटपट, खात्रीने उत्तरे देऊ लागले. दहा झाल्यावर मामींनी वही वाचली. नऊ उत्तरे एकाच दिशेची होती, पण उलटी! ज्याला मामा प्रत्येक वेळी ''हा बघ व्हॉल्व्ह, काय स्वच्छ!'' म्हणत होते तो अडतीस हजारांचा ट्रान्झिस्टर होता. ज्याला ''हा तुमचा डीजेवाला'' म्हणून नाक मुरडले, तो दीड लाखाचा.

कारण मेकॅनिकने समजावले. स्पीकरचा विजेला होणारा विरोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. कुठे ५ ओहम, कुठे ३०. ट्रान्झिस्टर सेट त्याला दाद देत नाही, स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. व्हॉल्व्हची पकड सैल असते. त्यामुळे जिथे विरोध जास्त तिथला आवाज थोडा फुगतो. या मोठ्या स्पीकरवर खर्जाचे स्वर फुगत होते, डग्गा घुमत होता. दुसऱ्या एखाद्या स्पीकरवर हाच सैलपणा गोड लागला असता. म्हणून 'अमक्याचा व्हॉल्व्ह ऐकला, फार सुंदर' हे सांगणे अर्धेच आहे. कोणत्या स्पीकरवर आणि कोणत्या खोलीत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेकॅनिकने मोबाईलवरून चढते सूर वाजवले, तेव्हा १० हजार कंपनांच्या पुढे मामांना काही ऐकू येत नव्हते. शेजारची दहा वर्षांची मुलगी १६ हजारांनाही कान झाकत होती. वयाप्रमाणे हे होतेच आणि गाणे ऐकायला त्याने फारसे अडत नाही. पण मामा बराच वेळ गप्प होते. मामींनी वही मिटली आणि काही न बोलता चहा टाकायला उठल्या. पुढच्या आठवड्यात दोघे कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले.

घेणारच असाल तर

हे सर्व कळूनही ज्याला व्हॉल्व्हच हवा त्याने जरूर घ्यावा. अंधाऱ्या खोलीतला तो केशरी उजेड सुंदर दिसतो, आणि सुंदर वस्तूवर खर्च करणे हा काही गुन्हा नाही. फक्त हिशोब पूर्ण मांडावा.

चार ईएल ३४ नुसत्या तापत्या ठेवायला जवळपास ३८ वॅट लागतात, आणि सगळा सेट मिळून दीडशेच्या आसपास किंवा वर. रोज तीन तास ऐकले तर महिन्याला तेरा-चौदा युनिट. मे महिन्यात हीच उष्णता पंख्याखाली बसून सोसायची. मोठे व्हॉल्व्ह साधारण दोन-तीन हजार तासांनी थकू लागतात. रोजच्या तीन तासांनी वर्षाला हजार तास होतात, म्हणजे दोन-तीन वर्षांनी नवा संच आणि दहा हजारांच्या आसपास खर्च. आज व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियातला पुरवठा अडखळला होता. घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा, बदलीचे व्हॉल्व्ह ठेवता का आणि बसवल्यावर बायस कोण जुळवून देणार?

लहान मूल घरात असेल तर जाळीची पेटी असलेलाच सेट घ्या. व्हॉल्व्हच्या काचेला बोट लागले तर चांगलेच भाजते. आणि झाकण स्वतः उघडू नका, पिन काढलेली असली तरीही. आतले कंडेन्सर बंद केल्यानंतरही चारशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. कामवाल्या बाईंनाही सांगून ठेवा, ओले फडके त्यावर फिरवायचे नाही.

आणखी एक सावधगिरी. पाच-दहा हजारांत मिळणाऱ्या, पुढे एक-दोन चिमुकले व्हॉल्व्ह चमकणाऱ्या डब्या आल्या आहेत. स्पीकर हलवायचे खरे काम त्यांत एक चिप करते आणि तो केशरी उजेडही पुष्कळदा व्हॉल्व्हखाली लपवलेल्या बारीक दिव्याचा असतो. डबी वाईट असतेच असे नाही, पण ती व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नव्हे.

पैसे मोजकेच असतील तर माझे मत सरळ आहे. आधी स्पीकर, मग खोली, मग अ‍ॅम्प्लिफायर. उघड्या फरशीवर सतरंजी आणि समोरच्या खिडकीला जाड पडदा यांनी आवाजात जो फरक पडतो तो दहापैकी दहा वेळा कोणालाही ओळखता येतो, नाणे उडवायला नको.

मामांनी शेवटी काळा ट्रान्झिस्टर सेट ठेवून घेतला आणि ते पहिले, लहान स्पीकर बदलले. उरलेल्या पैशांत ओटा झाला, ग्रॅनाइटचा. मेकॅनिक जाता जाता माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा मर्फी खाली काढून गेला होता. त्याने आधी बघितले की सेटला ट्रान्सफॉर्मर आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या 'एसी/डीसी' सेटची चासी थेट मेनच्या विजेला जोडलेली असते आणि ते घरी हाताळणे धोक्याचे. मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून त्याने तो हळूहळू जागा केला, चार कंडेन्सर बदलले, आणि मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला मोबाईलची वायर जोडून दिली.

आता रात्री जेवणे आटोपली की मामा मर्फी लावतात. एकच स्पीकर, वरचे स्वर जवळजवळ नाहीतच, मागे बारीक घूं. मामी ओटा पुसता पुसता आतून विचारतात, ''तापला का हो?''